मीटरची माहिती कोणत्या कायद्याखाली?



कॅलिफोर्नियाचा २०२० पासून लागू असलेला ग्राहक गोपनीयता कायदा तिथल्या वीजग्राहकांना पुरेसा आहे, हे मागील अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. तो कायदा नफ्यासाठी चालणाऱ्या मोठ्या उद्योगांना बांधतो. पीजी अँड ई ही खासगी वीजकंपनी त्याच्या कक्षेत येते; लॉस एंजेलिस शहराचे वीज-पाणी खाते सरकारी म्हणून सुटते. स्मार्ट मीटर मात्र कोणाचाही असो, तेच टिपतो. घरातली माणसे कधी उठतात, कधी बाहेर असतात, याचा अंदाज पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदींतून बांधता येतो. इलिनॉयमधल्या नेपरव्हिल शहराच्या खटल्यात संघीय अपील न्यायालयाने २०१८ साली अशा नोंदी घेणे म्हणजे अमेरिकी घटनेच्या अर्थाने झडतीच, असे ठरवले. (ती वाजवी असल्याचेही त्याच निकालात आहे, हे सोयीस्करपणे विसरू नये.)

सरकारी वीजमंडळ लोकनियुक्त असेल तर वेगळा कायदा कशाला, असे कोणी विचारील. सॅक्रामेंटोचे वीजमंडळ लोकनियुक्तच आहे. तरी ग्राहकांच्या नोंदी पोलिसांना सरसकट पुरवल्याच्या आरोपावरून २०२२ मध्ये त्याच्यावर दावा झाला. त्या दाव्याला आधार मिळाला तो कॅलिफोर्नियाच्याच २०१० च्या मीटरविषयक कलमांचा, कारण ती सार्वजनिक मंडळांनाही लागू होतात. बिलासाठी नोंदी ठेवाव्याच लागतात, तेव्हा ग्राहक गोपनीयता कायद्यातल्या ‘माझी माहिती पुसा’ या हक्काचा इथे फारसा उपयोग नाही; प्रश्न त्या कोणाच्या हाती जातात एवढाच. म्हणून इतर राज्यांना उचलायचीच असतील तर ही जुनी कलमे उचलावीत.

– एक वाचक