जागेचा हट्ट नसलेला खेळाडू

अनेक कामे करणाऱ्या मुलास ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आपण फार लवकर लावतो. संघात मुलाची जागा बदलली की त्याचा मान गेला, असे कित्येक पालकांस वाटते; पूर्वी आम्हांसही तसेच वाटे. अमेरिकेतील बेसबॉलपटू गिल मॅकडूगल्ड याची हकीकत वाचल्यापासून आम्ही ते मत सोडले आहे.

बेसबॉलच्या मैदानात दुसरा बेस, तिसरा बेस आणि त्या दोहोंमधील शॉर्टस्टॉप या जागा शेजारशेजारच्या खऱ्या, परंतु काम अगदी निराळे. तिसऱ्या बेसवर टोल्यासरशी चेंडू अंगावर येतो, तेथे विचारास अवकाश नाही. शॉर्टस्टॉपला दूर धावून चेंडू उचलावा व लांब फेकावा लागतो. दुसऱ्या बेसवर धावून येणारा प्रतिपक्षी पायांत घुसत असता वळून फेक करावी लागते. न्यूयॉर्क यांकीज संघात १९५१ ते १९६० पर्यंत मॅकडूगल्डने या तिन्ही जागा सांभाळल्या. पहिल्याच वर्षी दोन बेसांवर आलटून पालटून खेळून तो आपल्या लीगमधील सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढे १९५६ साली फिल रिझुटो थकले, तेव्हा व्यवस्थापक केसी स्टेंगेल यांनी शॉर्टस्टॉपची जागाही त्याजकडेच सोपविली. त्या दहा वर्षांत संघ आठ वेळा वर्ल्ड सिरीजमध्ये खेळला व पाच वेळा जिंकला. यांत चिंध्या म्हणावे असे काय आहे?

परंतु आमचा आदर या आकड्यांमुळे नव्हे. ७ मे १९५७ रोजी क्लीव्हलंड संघाविरुद्ध त्याने टोलविलेला चेंडू समोरून चेंडू टाकणाऱ्या तरुण हर्ब स्कोअरच्या उजव्या डोळ्यावर बसला. तो निव्वळ अपघात होता. स्कोअरने त्याला कधी दोष दिला नाही. तथापि स्कोअरचा डोळा गेल्यास आपण खेळ कायमचा सोडू, असे मॅकडूगल्डने बोलून दाखविले. सुदैवाने डोळा वाचला. मैदानातील जागेस जो चिकटून राहिला नव्हता, तो वेळ येताच खेळही सोडावयास सिद्ध झाला. या दोन गोष्टी आम्हांस वेगळ्या वाटत नाहीत.

चेंडूचा मार काय असतो हे त्यास ठाऊकच होते. १९५५ साली सरावात सोबत्याचा टोला त्याच्या कानाजवळ बसला होता. तो लवकरच पुन्हा खेळू लागला, पण हळूहळू श्रवणशक्ती गेली. फोर्डम विद्यापीठातील मुलांस शिकविण्याचे कामही अखेर सोडावे लागले. १९९४ साली शस्त्रक्रियेने कानात यंत्र बसविल्यावर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यास घरच्या माणसांचे बोलणे पुन्हा ऐकू येऊ लागले.