महाबळेश्वरात बघायला काय आहे?

नववीच्या वर्गात एका मुलीने मला विचारलं, "आपा, इत्ता छोटा गांव है, फिर लोगां वहां क्या देखने जातें?" मामाच्या मोबाइलवर तिने मोनॅकोचं रील पाहिलं होतं. पांढऱ्या बोटी, लाल गाड्या, समुद्रावर लटकल्यासारख्या इमारती. मी तास मराठीचा घेत होते, पण असे प्रश्न तास बघून येत नाहीत.

मला माहीत होतं तेवढं सांगितलं. अख्खा देश दोन चौरस किलोमीटरचा. १८६३ पासून तिथे प्रसिद्ध जुगारघर आहे, आणि गंमत म्हणजे तिथल्या मूळ नागरिकांनाच त्यात जुगार खेळायला बंदी आहे. १९२९ पासून रस्त्यांवर मोटारींची शर्यत होते. (त्याच वर्षी आपल्या सांगलीचा आयर्विन पूल वाहतुकीला खुला झाला, हे मी वर्गात मुद्दाम जोडलं.) वेटर, माळी, मोलकरणी, दुकानातले लोक बहुतेक शेजारच्या फ्रान्स-इटलीतून सकाळी येतात आणि संध्याकाळी परत जातात, कारण तिथे राहणं त्यांना परवडत नाही. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे सगळं दुसऱ्यांचं बघायचं. आपण गेलो तर काय करायचं?"

मला उत्तर सुचलं नाही. घंटा झाली.

आठवड्याने शिक्षकांच्या खोलीत सहलीची चर्चा निघाली. मी महाबळेश्वर सुचवलं. एक सर लगेच म्हणाले, "मॅडम, तिथे आहे काय? श्रीमंतांनी श्रीमंतांना बघायचं गाव. त्यापेक्षा वॉटर पार्कला नेऊ, पोरं खूश होतील." म्हणजे प्रश्न तोच, फक्त युरोपातून सातारा जिल्ह्यात आलेला. एका मुलीचे वडील परवानगीच्या कागदावर सही करताना म्हणाले, "आपा, वो तो बडे लोगां का गांव है." सही केली, पण ते वाक्य माझ्याजवळ राहिलं.

माझं मत तेव्हाही होतं आणि आता पक्कं झालं आहे: छोटं, झगमगीत, महागडं गाव बघण्यासारखं आहे की नाही हे तिथल्या हॉटेलांवरून ठरवू नये. खिशात पैसे नसलेल्या माणसाला तिथे किती वेळ उभं राहता येतं, यावरून ठरवावं. उर्दूत यासाठी दोन शब्द आहेत, चमक आणि रौनक. मराठीत आपण दोन्हीला झगमगाट म्हणून मोकळे होतो. पण चमक दिव्यांची असते. रौनक माणसांमुळे येते, आणि तिला तिकीट लावलं की ती जाते.

महाबळेश्वरची चमक कुठून आली ते बघा. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८-२९ च्या सुमारास साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांकडून ही जागा घेतली आणि गाव वसवलं. नाव माल्कम पेठ. उन्हाळा आला की मुंबई सरकारच डोंगरावर चढायचं, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की खाली पळायचं. चिनी आणि मलाय कैदी इथे आणून ठेवले होते. त्यांच्याकडून भाजीपाला पिकवून घेत. आज आपण बटाटा, गाजर, स्ट्रॉबेरी म्हणून ज्या मातीचं कौतुक करतो, तिच्यात त्या बिननावाच्या कैद्यांचा घाम आहे. त्यांच्या नावाचा पॉइंट मी तरी कुठे पाहिला नाही. पॉइंट आहेत ते ऑर्थर, एल्फिन्स्टन, लॉडविक, विल्सन आणि माल्कमच्या लेकीचा केट्स पॉइंट. केट्सला गावकरी नाके खिंड म्हणत, ऑर्थर सीटला मढीमहाल. भाषेची शिक्षिका म्हणून मला वाटतं, पाटीवर दोन्ही नावं सारख्याच अक्षरात हवीत. असो.

तर डिसेंबरात निघालो. शालेय सहलीला एसटी निम्मी सवलत देते म्हणून हे जमतं, नाहीतर आमच्या पालकांना कुठलं जमायला. पहाटे फजरनंतर शाळेसमोर सेहेचाळीस मुली, तीन शिक्षिका, एक सर (तेच, वॉटर पार्कवाले). आष्टा, इस्लामपूर, कऱ्हाड, सातारा, वाई. पसरणी घाट चढताना तिघींना उलट्या झाल्या. शाहीर साबळे इथल्या पसरणी गावचे, हे मी सांगत होते तेव्हा कुणीच ऐकत नव्हतं.

पाचगणीत एका बोर्डिंग शाळेच्या लांबलचक दगडी भिंतीजवळून बस हळू चालली होती. मला धाकधूक होती. आमच्या शाळेत दोन वर्गांना मिळून एक पंखा, आणि इथे घोडे, टेनिस, पियानो. झांझिबारच्या एका पारशी कुटुंबाने आपला मुलगा याच गावातल्या सेंट पीटर्समध्ये ठेवला होता, तो पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजला, हे मी मुलींना सांगितलं. वाटलं, आता मुली हिरमुसतील. मागून आवाज आला, "आपा, हां की पोरियां घर कू कब जातें?" मी म्हणाले, सुट्टीत. बसमध्ये एकदम शांतता. मग कुणीतरी म्हणालं, "बिचारियां."

म्हणजे हेवा वाटेल ही भीती माझी होती, मुलींना कीव आली. श्रीमंतीकडे बघायची आपली सवय आपण मुलांवर लादतो, हे मला त्या घाटमाथ्यावर कळलं.

महाबळेश्वरच्या बाजारात मात्र दुसरा अनुभव आला, तोही सांगितला पाहिजे. मुलींना स्वच्छतागृह हवं होतं. सहल नेणाऱ्या प्रत्येक शिक्षिकेला माहीत आहे की सहलीचा खरा नकाशा हाच असतो. एका मोठ्या खाण्याच्या ठिकाणी विचारलं. काउंटरवरच्या माणसाने आमच्या रांगेकडे, ओढण्यांकडे, एसटीकडे पाहिलं आणि म्हणाला, "फक्त गिऱ्हाइकांसाठी आहे." मी म्हटलं, पैसे देते. म्हणाला, "एवढी गर्दी नको, बाकीच्यांना त्रास होतो." मी भांडले नाही. भांडायला हवं होतं का, यावर अजून विचार करते. शेवटी पाचजणींत एक अशी स्ट्रॉबेरी क्रीम रस्त्यावरच्या गाडीवरून घेतली आणि पुढे निघालो. त्या गाडीवाल्या मावशींनीच सांगितलं की पुढे सार्वजनिक शौचालय आहे, स्वच्छ आहे, तिथे जा.

एवढ्यावर मी लिहिलं असतं की हे गाव आपल्यासारख्यांचं नाही, तर वॉटर पार्कवाले सर जिंकले असते. पण गाव म्हणजे एक काउंटर नव्हे.

बाजारापासून सहा-सात किलोमीटरवर क्षेत्र महाबळेश्वर, जुनं गाव. तिथे पंचगंगा मंदिर आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्या इथून निघतात अशी श्रद्धा. एका सहकाऱ्यांनी आधीच विचारलं होतं, "मंदिरात कशाला मुलींना?" मी म्हटलं, आपल्या नदीचा उगम बघायला. आपण तिचं पाणी पितो, मग ती कुठून येते हे बघायला परवानगी कुणाची घ्यायची? आत गेलो. कुणी काही विचारलं नाही. एका आजोबांनी उलट बाजूला सरकून मुलींना पुढे जाऊ दिलं.

दगडी गोमुखातून पाणी पडत होतं. मनगटाएवढी धार. मी भूगोल सांगितला: वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते, कोयना कऱ्हाडला प्रीतिसंगमावर, आणि मग सगळं मिळून आपल्याकडे येतं. सावित्री मात्र कोकणात उतरून समुद्राला जाते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आपल्या सांगलीला सहाशेच्या आसपास.

नदीकाठच्या गल्लीत राहणारी एक मुलगी पुढे आली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ती तिसरीत होती. सात दिवस ती आमच्याच शाळेच्या वरच्या मजल्यावर आईबरोबर झोपली होती. तिने धारेखाली बोटं धरली आणि मराठीत, अगदी हळू विचारलं, "आपा, आमच्या घरात आली होती ती हीच का?"

मी "हो" म्हणाले. तिने हात बराच वेळ तसाच ठेवला. ते वॉटर पार्कवाले सर तोंड फिरवून फोटो काढायला लागले.

मोनॅकोत काय बघायचं, या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडलं असं म्हणणार नाही, पण धागा सापडला. मोनॅकोवर अन्यायही नको. तिथल्याच एका राजाने, पहिल्या आल्बर्टने, कड्यावर समुद्राचं संग्रहालय बांधलं आणि १९१० साली खुलं केलं. जुगाराच्या गावात मासे आणि समुद्राचा अभ्यास! तिकीट घेऊन का होईना, गावाच्या पायाशी असलेला समुद्र तिथे समजून घेता येतो. पैशाने न बनलेली एक गोष्ट गावाजवळ असावी आणि ती गावाने लपवू नये. महाबळेश्वरजवळ ती उगमाच्या रूपाने आहे, कड्यांच्या रूपाने आहे. ऑर्थर सीटला जाऊन सावित्रीच्या खोऱ्यात बघायला गावाच्या नाक्यावर भरलेल्या प्रवासी कराशिवाय आमचा रुपया लागला नाही. तिथे एक नवविवाहित जोडपं, मुंबईचं एक गुजराती कुटुंब, कोल्हापूरकडचे चार म्हातारे आणि आमच्या सेहेचाळीस मुली एकाच कठड्याला टेकून होत्या, आणि वाऱ्याने सगळ्यांच्याच ओढण्या-पदर उडत होते. ही रौनक.

परतताना भिलारला थांबलो. २०१७ च्या मे महिन्यात राज्य सरकारने हे पुस्तकांचं गाव सुरू केलं, वेल्समधल्या हे-ऑन-वायच्या धर्तीवर. पण इथे पुस्तकं विकायला नाहीत, वाचायला आहेत, आणि तीही स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्यांच्या घरांत. कुणाच्या ओसरीवर कादंबऱ्या, कुणाच्या माडीवर बालसाहित्य, कुणाकडे संतसाहित्य. ज्या घरी गेलो तिथल्या काकूंनी आधी विचारलं, "बाथरूमला जायचंय का पोरींना?" मला एकदम भरून आलं, पुस्तकांपेक्षा त्या वाक्याने. अर्धा तास म्हणून थांबलो, दीड तास गेला. दोघी भांडल्या एका पुस्तकावरून. एक तक्रार माझीही आहे, तक्रार म्हणण्यापेक्षा मागणी: उर्दूतून मराठीत आणि मराठीतून उर्दूत आलेल्या पुस्तकांचं एक स्वतंत्र घर तिथे असावं. पुस्तकं मी गोळा करून देईन.

हे सगळं आता लिहायचं कारण वेगळं आहे. सातारा, जावळी, पाटण या तालुक्यांतली २०० हून अधिक गावं घेऊन 'नवीन महाबळेश्वर' उभारायचं सरकारचं चाललं आहे. रस्ते, रिसॉर्ट, रोपवे अशी भाषा ऐकू येते. तिथल्या तरुणांना मुंबई-पुण्याला जावं लागू नये, रोजगार मिळावा, हे खरंच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण जुन्या महाबळेश्वर-पाचगणीला २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करावं लागलं ते उगाच नव्हे. बांधकाम हाताबाहेर चाललं होतं. डोंगरउतारावर सिमेंट ओतलं की पाऊस जिरत नाही, तो धावत खाली येतो, आणि खाली आम्ही राहतो. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या जवळ पाऊस पडला तेव्हा सांगलीत पुन्हा बोटी काढाव्या लागल्या. नव्या महाबळेश्वराचा आराखडा करणाऱ्यांनी एखादी बैठक सांगलीतही घ्यावी. आणि आराखड्यात कड्यावरचा प्रत्येक चांगला कोपरा कुणाच्या तरी बाल्कनीला देऊ नये. काही कठडे तसेच ठेवावेत. जवळ एक स्वच्छतागृह.

सांगलीत शिरताना रात्रीचे अकरा वाजले होते. बायपासच्या पुलावर बस आली तेव्हा बहुतेक मुली झोपल्या होत्या. नदीकाठच्या गल्लीतली ती मात्र खिडकीला चिकटून अंधारात खाली बघत होती.

"आपा, सकाळी माझ्या हातावरून गेलं ते पाणी इथे कधी पोचेल?"

मी म्हटलं, मध्ये धोमचं धरण आहे, ते आधी तिथे अडेल, मग सोडतील तेव्हा येईल. किती दिवस लागतील ते मला सांगता आलं नाही. सोमवारी भूगोलाच्या सरांना विचार म्हणाले. भूगोलाचे सर म्हणजे तेच, वॉटर पार्कवाले. ते पुढच्या सीटवर जागे होते. मागे वळून म्हणाले, "विचार, विचार. मी बघून ठेवतो."