विज्ञानाने खाणकामगाराला का विसरावे?

कोलारची खाण म्हटली की सोने आठवते, गोरा मालक आठवतो. याच खाणीत सोन्याइतकेच मोलाचे दुसरे काम चालले होते, हे किती जणांना ठाऊक आहे? १९५१ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बी. व्ही. श्रीकांतन आपली उपकरणे घेऊन येथे उतरले. १९६५ मध्ये भारतीय, जपानी व ब्रिटिश शास्त्रज्ञांनी येथेच वातावरणातल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. आणि १९८० मध्ये, अणुकेंद्रातला प्रोटॉन कधी मोडतो का हे पाहण्यासाठी, २.३ किलोमीटर खोलीवर १४० टनांचे यंत्र उभे राहिले.

एवढ्या खाली कशासाठी? आकाशातून येणारे म्युऑन कण आपल्या तळहातातून दर मिनिटाला शंभरच्या आसपास आरपार जातात. या गर्दीत वर्षाकाठी एखादी घटना ओळखू येणार कशी? म्हणून डोक्यावर खडकाचे छप्पर हवे. शिवाय एकाच प्रोटॉनवर नजर ठेवली तर विश्वाचे वयही पुरणार नाही. तेव्हा असंख्य प्रोटॉन एकदम पाहायचे. लोखंडी पत्र्यांच्या थरांत कण मोजणाऱ्या नळ्या रचल्या त्या यासाठी. काही संशयास्पद नोंदी मिळाल्या, पण जपानच्या मोठ्या यंत्रांनी त्यांना दुजोरा दिला नाही. त्यात कमीपणा काहीच नाही. प्रोटॉन मोडताना आजवर कोणालाच दिसलेला नाही.

पण ते छप्पर फुकटचे नव्हते. खडक फोडत खाली गेलेले हात बहुसंख्येने तमिळ दलितांचे होते. दाबाखालचा खडक अचानक फुटे, माणसे गाडली जात. धुळीने कित्येकांची फुप्फुसे निकामी झाली. १९६५ मध्येच अमेरिकेचे फ्रेडरिक राइन्स यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत न्यूट्रिनो टिपले. ती खाण वर्णद्वेषी राजवटीतल्या काळ्या मजुरांनी खणलेली! शोधनिबंधावर शास्त्रज्ञांची नावे असावीतच. खड्डा खणणाऱ्याचा उल्लेख मात्र आभाराच्या ओळीपुढे जात नाही.

कोलारचे प्रयोग गुंडाळले गेले, २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणही बंद झाली, खाली पाणी भरले. जपानच्या कामिओका खाणीतले उत्खननही २००१ मध्येच थांबले. तिथल्या प्रयोगशाळा आजही चालू आहेत. तेथे डोंगरात आडवा बोगदा आहे, पाणी उपसण्याचा कोलारइतका खर्च नाही, हे मान्य. पण कामगारांच्या वस्त्या उजाड होऊ देणे ही काही निसर्गाची सक्ती नव्हती.

पुढे काय? तामिळनाडूतील तेनी जिल्ह्यातल्या भूमिगत प्रयोगशाळेला केंद्राने २०१५ मध्ये मंजुरी दिली. कथिलाच्या अणुकेंद्राचा अतिदुर्मिळ क्षय तेथे शोधायचा बेत होता. लोकविरोधात प्रकल्प अडकला, आणि प्रश्न विचारणाऱ्या गावकऱ्यांना अडाणी ठरवून काही शहाणे मोकळे झाले. झारखंडात जादूगुड्याच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोलीवर २०१७ मध्ये छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. वरच्या आदिवासी वस्त्या मात्र किरणोत्साराची तक्रार अनेक वर्षे करीत आहेत. अशा प्रयोगांत खडकातला, तांब्यातला, शिशातला अगदी किंचित किरणोत्सारही मोजावाच लागतो. त्याशिवाय यंत्राची रचनाच होत नाही. तीच मोजमापाची विद्या गावच्या विहिरींसाठी वापरा, आकडे संथाळी आणि हो भाषेत ग्रामसभेपुढे ठेवा, आणि मोजणाऱ्या तंत्रज्ञांच्या जागा त्या गावच्या मुलामुलींतून भरा.