शोकसभेत आपण खोटे का बोलतो?

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी आपल्या एका जुन्या साथीच्या शोकसभेला गेलो होतो. सहा वक्ते बोलले. त्याची निष्ठा, त्याने काढलेले मोर्चे, भोगलेला तुरुंगवास, सर्वांचे यथोचित स्मरण झाले. मृत्यूचे कारण मात्र एकानेच ओझरते सांगितले : हृदयविकाराचा झटका. ते खरे नाही, हे सभेतल्या प्रत्येकास ठाऊक होते. तो दोन वर्षे नीट झोपत नव्हता, माणसे टाळत होता, बैठकींना येईनासा झाला होता आणि अखेर त्याने आपले जीवन आपणच संपविले. त्या दोन वर्षांत आपण त्याच्याविषयी काय बोलत होतो? ‘थंड पडला’, ‘संसारात रमला’, ‘चळवळीकडे पाठ फिरवली’. त्याला क्षय झाला असता तर आपण वर्गणी काढून औषधोपचार केले असते. मन आजारी पडले तेव्हा आपण त्याची निष्ठा तपासत बसलो. बोलणाऱ्या सहांपैकी एक मी होतो. तेव्हा हा लेख आधी माझ्याविरुद्ध आहे, मग इतरांविरुद्ध.

या मौनाला आपण तत्त्वज्ञानाचा मुलामाही दिला आहे. मनाचे आजार म्हणजे सुखवस्तूंचे चोचले. कष्टकऱ्याला त्यासाठी सवड कुठली? शोषण संपले की मने आपोआप बरी होतील, असे आपल्या शिबिरांतून आजही ऐकू येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केल्या. त्यांतील चौथ्या हिश्शाहून अधिक रोजंदारीवर राबणारे होते. राज्यवार संख्येत महाराष्ट्र पहिला होता. हे चोचले आहेत काय? मनावरील ताणाचे मूळ पुष्कळदा व्यवस्थेत असते, हे मान्य. हिवतापाचे मूळही डबक्यात असते. परंतु डबके बुजेपर्यंत रोग्याला औषध देऊ नका, असे कोणत्या समाजवाद्याने म्हटले आहे?

दुसऱ्या बाजूची लबाडी याहून मोठी आहे. ‘मन मोकळे करा, बोलते व्हा’ अशी भित्तिपत्रके आता सरकारी कचेऱ्यांतही झळकतात. कामगाराला बारा तास राबवून घेणारा मालक वर्षातून एकदा ध्यानधारणेचे शिबिर भरवितो आणि ताण हा ज्याच्या त्याच्या मनाचा दोष ठरवून मोकळा होतो. बोला म्हणणे फुकटचे आहे. ऐकणारा नेमायचा तर पगार द्यावा लागतो. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला, १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. तरीही बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत काय आढळले? दर दहा प्रौढांत एक जण कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने ग्रस्त होता आणि निरनिराळ्या आजारांत सुमारे सत्तर टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत रुग्ण उपचारांवाचून होते. लाखभर लोकवस्तीमागे एक मनोविकारतज्ज्ञही पुरता भरत नव्हता. बोलायचे, पण कोणापाशी?

आपल्या राज्यात तर मौन कागदानेच लादले आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर २००५-०६ साली ठरलेल्या निकषांनी प्रकरण तपासले जाते. कर्जबाजारीपणा, नापिकी, वसुलीचा तगादा या कारणांत मृत्यू बसला तर ‘पात्र’ आणि एक लाख रुपयांची मदत. आजार, व्यसन असे काही पंचनाम्यात आले की ‘अपात्र’ शिक्क्याचे भय. नवरा सहा महिने कोणाशी बोलत नव्हता, रात्री उठून बांधावर जाऊन बसत होता, हे त्या विधवेने तलाठ्यापुढे सांगावे तरी कसे? जणू कर्ज असलेल्या माणसाचे मन आजारी पडत नाही आणि मन आजारी असलेल्याला कर्ज नसते! आणि आपण? मोर्चाचा आकडा वाढावा म्हणून आपणही तिला एकच कारण सांगायला शिकविले. खरे तर आपली मागणी उलट असायला हवी होती. कारणांची वर्गवारीच रद्द करा, पोशिंदा गेलेल्या प्रत्येक कुटुंबाला मदत द्या, म्हणजे ती खरे बोलू शकेल.

जी कुटुंबे बोलत नाहीत ती आजारी माणसाला घेऊन कुठे जातात? देवळात, दर्ग्यात, मांत्रिकाकडे. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले. बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. महाराष्ट्रात २०१३ साली, डॉक्टर दाभोलकरांचा खून झाल्यानंतर, जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे गुन्हा ठरले. हा मोठा विजय होता. परंतु साखळी सुटल्यावर माणसाला न्यायचे कुठे? येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या आईने एका दिवसाची मजुरी बुडवून तिथे कसे पोहोचायचे?

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून अमलात आहे. तो आपल्यातील किती जणांनी वाचला? सरकारी सेवेत परवडणारे उपचार मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल तर त्याच जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च शासनाने सोसावा, असेही त्यात आहे. साखळदंड निषिद्ध आहेत. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर खटल्याची टांगती तलवार असे, म्हणून तो डॉक्टरपुढेही खोटे बोले. या कायद्याने त्याला तीव्र ताणाखालील माणूस मानले आणि त्याची शुश्रूषा सरकारवर सोपविली. रोजगार हमीसाठी आपण कायद्याची कलमे तोंडपाठ केली, तहसील कचेऱ्यांना घेराव घातले. या हक्कासाठी एक तरी निवेदन दिले काय?

तेव्हा काम दोन बाजूंनी हवे. तालुक्याच्या रुग्णालयात ठरल्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ आणि औषधे मिळतात की नाही, हे प्रत्येक शाखेने जाऊन पाहावे. मिळत नसतील तर कायद्यावर बोट ठेवून भांडावे. गावोगाव दुःख ऐकण्याचे काम मानधनावरील आशाताईंच्या डोक्यावर टाकले जाते. त्यांना कामगाराचा दर्जा व वेतन मिळावे, ही मागणी आपल्या आरोग्याच्या मागणीपासून वेगळी नाही. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. तो क्रमांक शाखेच्या फलकावर लिहावा. मात्र दूरध्वनीवर दवाखाना भागत नाही, हेही ठणकावून सांगावे.

दुसरे काम आपल्याच घरातले. बैठकीला न येणाऱ्या साथीला कारणे दाखवा नोटीस धाडण्यापूर्वी कोणीतरी त्याच्या घरी जावे, जवळ बसावे आणि ‘झोप लागते का?’ एवढे विचारावे. गरज दिसल्यास त्याच्यासोबत दवाखान्यात जावे. आपल्यापैकी जे गोळ्या घेऊन आज उभे आहेत, त्यांतील ज्यांना शक्य असेल त्यांनी पुढच्या शिबिरात तसे सांगावे आणि इतरांनी ते मधुमेहाविषयी ऐकावे तसे ऐकावे.

त्या शोकसभेनंतर साथीची पत्नी मला म्हणाली, “भाऊ, दोन वर्षांत तुमच्यापैकी एकानेही विचारले नाही.” मी खाली मान घातली. आपल्याला याहून निराळे उत्तर देता आले पाहिजे.