घराणी, कारखाने आणि शेतकऱ्याचे दुसरे दार

अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागात कारखान्याचे धुराडे केवळ धूर सोडीत नाही. कोणत्या घराची सत्ता कोठवर चालते, हेही ते दुरून सांगते. लोणीस विखे, संगमनेरास थोरात, कोपरगावात काळे आणि कोल्हे, नेवाशात गडाख! कारखान्याचे नाव घ्यावे आणि घराणे आठवावे, असा हा हिशेब आहे. त्यास योगायोग म्हणण्याइतका येथील शेतकरी भोळा नाही.

आरंभ असा नव्हता. स्वातंत्र्यापूर्वी हरेगावास बेलापूर कंपनी होती, टिळकनगरास डहाणूकरांचा व साकरवाडीस सोमय्यांचा कारखाना होता. साखर भांडवलदाराची आणि शेतकऱ्याच्या पदरी जमिनीचा खंड! ही कोंडी फोडण्यासाठी विठ्ठलराव विखे पाटील भागभांडवल गोळा करीत गावोगाव हिंडले. धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले. १९५० साली प्रवरेचा कारखाना सुरू झाला. खासगी मालकाच्या दारासमोर शेतकऱ्याने आपले दुसरे दार उघडले. सहकाराचे सारे पुण्य त्या दुसऱ्या दारात आहे.

घराण्यांचे आम्हांस वावडे नाही. शाळा, महाविद्यालये, रुग्णालये याच मंडळींनी उभारली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आमचा प्रश्न एवढाच आहे: दर पटला नाही, तर शेतकऱ्याने जावे कोठे? ऊस नियंत्रण आदेशात २००६ साली झालेल्या दुरुस्तीने दोन कारखान्यांत किमान १५ किलोमीटरचे हवाई अंतर ठरविले. महाराष्ट्राने ते २५ वर नेले. रंगराजन समितीने २०१२ साली ही अटच काढून टाकण्याची शिफारस केली होती. नवा स्पर्धक वेशीबाहेर थोपविणारी ही भिंत सहकारी संचालकांना जितकी प्रिय, तितकीच खासगी मालकांनाही!

उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे, असे कायदा म्हणतो. परंतु तोडलेला ऊस दिवसागणिक वाळतो, वजनाला घटतो. त्याचा धनी घासाघीस काय करणार? किमान दर कायदा देईल. त्यावरचा रुपया केवळ स्पर्धाच देते.

अंतर उठले तर उसाची पळवापळवी होईल, कर्जात रुतलेले सहकारी कारखाने बुडतील, ही भीती अगदीच निराधार नाही. पाणी मर्यादित आहे आणि उसही. परंतु ज्या कारखान्यास सभासद राजीखुशीने ऊस घालतो, त्यास कुंपण कशाला हवे? आणि ज्यास कुंपणावाचून ऊस मिळत नाही, त्याच्या गैरकारभाराचा भुर्दंड सभासदाने किती काळ सोसावा?

सरकारने अंतराची अट उठवावी आणि वजनकाट्यांची कडक तपासणी करावी. सभासदांनीही वार्षिक सभेत माना डोलावण्याचे सोडून ताळेबंदाचा जाब विचारावा. पाऊणशे वर्षांपूर्वी प्रवरेकाठच्या कष्टकऱ्यांनी जे दार उघडले, त्याची किल्ली कोणा एका वाड्याच्या खुंटीवर टांगलेली असता कामा नये.