लेक धारेवर निघाली आहे



गेल्या पंधरवड्यात एका भगिनींचं पत्र आलं. त्यांची लेक एडिंबरोला शिकते. येत्या जूनमध्ये मैत्रिणींबरोबर स्काय बेटावर जाऊन तिथल्या कूलिन डोंगराची धार चालायचा तिचा बेत आहे. "तिचे बाबा म्हणतात, स्पष्ट 'नाही' कळवून टाक. माझ्याच्यानं नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायला धीर होत नाही. नाही कसं म्हणावं तेवढं सांगा," असं त्यांनी विचारलंय.

अहो, चोवीस वर्षांची मुलगी परवानगी मागत नाहीये, कळवते आहे. तुम्ही नाही म्हटलंत तर ती जाईलच. फक्त पुढच्या वेळी कळवणार नाही. त्यापेक्षा तिला चार नेमके प्रश्न विचारा. पण नेमकं विचारायचं तर डोंगर थोडा ठाऊक हवा, म्हणून आधी तोच सांगते.

स्काय हे स्कॉटलंडच्या पश्चिमेचं मोठं बेट. 1995 पासून तिथे जायला पूल आहे. बेटाच्या दक्षिण भागात कूलिनचा काळाकभिन्न डोंगर घोड्याच्या नालासारखा वळलेला आहे. त्याची मुख्य धार सुमारे बारा किलोमीटर लांब. तिच्यावर तीन हजार फुटांहून, म्हणजे 914 मीटरहून उंच अशी अकरा शिखरं. सगळ्यांत उंच स्गुर अलस्टर, 992 मीटर. आता तुम्ही म्हणाल, एवढंच ना? आपलं कळसूबाई 1646 मीटर! खरंय. पण कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत आणि वर देवीचं देऊळ आहे. इथे शिखर चढायचं, पलीकडच्या खिंडीत उतरायचं की पुढचं शिखर समोर उभं. काही ठिकाणी धार गच्चीच्या कठड्याएवढी अरुंद आणि दोन्ही बाजूंना खोल कडा. एका दमात सगळी धार करणाऱ्यांना पंधरा ते वीस तास लागतात. पुष्कळजण मध्ये एक रात्र उघड्यावर काढून दोन दिवसांत करतात. वर पाणी जवळजवळ नाहीच, ते पाठीवर न्यायचं.

यात तीन-चार जागा अशा आहेत की तिथे चालणं संपतं आणि दोर लागतो. त्यातला सगळ्यांत नावाजलेला 'इनॲक्सेसिबल पिनॅकल', दगडाच्या उभ्या पात्यासारखा एक सुळका. 1880 साली चार्ल्स आणि लॉरेन्स पिल्किंग्टन हे भाऊ त्यावर पहिल्यांदा चढले. चढ तज्ज्ञांच्या मते फार अवघड नाही, पण दोन्ही बाजूंना काही नाही! उतरायचं दुसऱ्या टोकाकडून, दोरावरून, ज्याला आपली पोरं रॅपलिंग म्हणतात. स्कॉटलंडमधल्या तीन हजार फुटांवरच्या शिखरांची यादी ज्या सर ह्यू मन्रोंनी 1891 साली छापली, त्यांना स्वतःला हा सुळका कधीच चढता आला नाही. तेव्हा कुणी मागे फिरलं तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पत्रात लिहिलंय की लेकीनं हरिश्चंद्रगड, हरिहर केले आहेत, अलंग-मदनलाही ती दोरावर चढली आहे. ही जमेची बाजू, पण तिथला खडक वेगळा. आमच्या शाळेत मी भूगोल शिकवते, म्हणून हे थोडं सांगितल्यावाचून राहवत नाही. साखरेचा पाक भरभर थंड झाला तर बारीक कण धरतो, आणि दिवसेंदिवस सावकाश निवू दिला तर खडीसाखरेचे मोठे खडे होतात. पृथ्वीच्या पोटातल्या रसाचंही तसंच. आपला सह्याद्री म्हणजे वर येऊन लवकर थंड झालेला लाव्हा, त्याचे कण बारीक. कूलिनचा गॅब्रो खडक पोटातच हळूहळू निवाला, म्हणून त्याचे कण मोठे. नुकती टाकी लावलेल्या पाट्यासारखा तो खरखरीत असतो. बूट त्यावर असा धरतो की विचारू नका. मात्र बोटांची सालं निघतात आणि पँटचं बूड फाटतं. पण याच गॅब्रोत मधूनमधून आपल्यासारख्या बसाल्टचे पट्टे आहेत, आणि पावसात ते न्हाणीघरातल्या शेवाळलेल्या फरशीसारखे होतात. कोरड्या गॅब्रोनं पावलाला विश्वास दिलेला असतो आणि पुढचंच पाऊल त्या पट्ट्यावर पडतं. स्कायमध्ये पाऊस काही कमी नाही. धुकं उतरलं तर होकायंत्रावरही सगळी भिस्त ठेवता येत नाही, कारण खडकातल्या लोहचुंबकी द्रव्यानं त्याची सुई जागोजागी बहकते.

म्हणून पहिला प्रश्न, "वाटाड्या घेतलाय का?" प्रमाणपत्र असलेले वाटाडे तिथे मिळतात, आणि पूर्ण धारेसाठी ते बहुधा एका वेळी दोघांनाच नेतात. त्यामुळे पैसे चांगलेच पडतात. हे पैसे तुम्ही द्या. तिच्या बाबांना सांगा, पुढच्या दिवाळीची पैठणी यंदा नको म्हणून! लंडनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक नॉर्मन कॉली इथे वर्षानुवर्षं जॉन मॅकेन्झी या स्थानिक वाटाड्याबरोबर चढले. 1942 साली प्राध्यापक वारले तेव्हा त्यांना स्कायमध्येच, मॅकेन्झींच्या कबरीशेजारी पुरलं. एवढा मोठा गृहस्थ वाटाड्याशिवाय हिंडण्यात मोठेपणा मानत नव्हता, हे लेकीला जरूर सांगा.

दुसरा प्रश्न, "पूर्ण धारच का?" पहिल्या खेपेला ब्रूआख ना फ्री नावाचं 958 मीटरचं शिखर करावं. मुख्य धारेवरचं ते सगळ्यांत सोपं समजतात, आणि हवा स्वच्छ असेल तर उरलेली धार तिथून पुढे पसरलेली दिसते. ती बघून मग ठरवू दे.

आता बाबांसाठी. "हे मुलींचं काम आहे का?" असं ते म्हणाल्याचं पत्रात आहे. ही धार एका दिवसात पार करणारी पहिली बाई होती मेबल बार्कर. ती शिक्षिका होती आणि तेव्हा चाळिशीला टेकलेली होती. गंमत म्हणजे पॅट्रिक गेडिस हे तिचे धर्मपिता, तेच गेडिस जे 1919 पासून आपल्या मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. बायकांना चढता येतं का, हा प्रश्न असा निकालात निघून शंभर वर्षं झाली. पुरुषांना मात्र तो पटायला वेळ लागला. स्कॉटिश गिर्यारोहकांच्या मोठ्या क्लबात बायकांना घेत नसत, म्हणून 1908 साली तिघीजणींनी बायकांचा वेगळा क्लब काढला. त्या मोठ्या क्लबानं दार उघडलं ते 1990 साली! तेव्हा बाबा तसे एकटे नाहीत.

सामानाचं आपण बघू. सुती कपडा आपल्याला प्यारा, पण तिथे तो वैरी. भिजला की अंगाची ऊब ओढून घेतो आणि लवकर वाळत नाही. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा, वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट, कानटोपी, हातमोजे, जूनमध्येसुद्धा. डोक्याला हेल्मेट हवंच, कारण घसाऱ्यावर वरच्या माणसाच्या पायाखालून दगड सुटतात. खायला गूळपापडी, शेंगदाण्याची चिक्की, खजूर. थंडीत बोटं आखडली तरी एका हातानं तोंडात टाकता येईल असं. लाडू नकोत, पिशवीत त्यांचा भुगा होतो. संध्याकाळी वारा पडला की मिजेस नावाचे चिलटांसारखे किडे डोळ्यांदेखत फोडून काढतात, त्यासाठी डोक्यावरून घ्यायची जाळी मिळते. आणि स्लिगाखनच्या जुन्या पुलाखालच्या पाण्यात तोंड बुडवलं की कायमचं रूप मिळतं अशी तिथली दंतकथा आहे. गार पाण्यानं गाल लाल होतात हे नक्की, बाकीचं तिनं येऊन दाखवावं.

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, "तू कुठून चढणार, कुठे उतरणार, किती वाजेपर्यंत परतणार, हे कुणाजवळ लिहून ठेवलंयस?" ही चिठ्ठी मुक्कामाच्या जागी, तिथल्या माणसाच्या हाती हवी. तुमच्याजवळ असून उपयोग नाही, कारण तुम्ही इथून काय करणार? अडचण आली तर 999 फिरवून पोलिसांकडे पर्वतबचाव पथक मागायचं. स्कायचं पथक गावातल्याच स्वयंसेवकांचं आहे, पैसे घेत नाही. ठरल्या वेळी माणूस परतलं नाही तर चिठ्ठी असलेल्यानंच हा फोन करायचा असतो.

आणि तुमच्यासाठी एक हिशेब. जूनमध्ये आपलं घड्याळ त्यांच्यापुढे साडेचार तास असतं. तिथे रात्री दहापर्यंत उजेड राहतो, म्हणून लोक नऊ-नऊ वाजता डोंगर उतरतात. तेव्हा तुमच्याकडे दीड वाजलेला असतो, आणि डोंगरात फोन लागेलच असं नाही. म्हणून "उतरल्यावर फोन कर" असं तिला सांगू नका. दुसऱ्या दिवशी तिच्या सकाळी आठला, म्हणजे आपल्या साडेबाराला फोन करायचा, असं ठरवा. त्याच्या आधी फोनकडे बघायचं नाही. दोन दिवसांची चाल असेल तर तिसऱ्या दिवशीचे साडेबारा. वेळ तिच्याकडून पक्की करून घ्या आणि बाबांना दिसेल अशी कॅलेंडरवर लिहून ठेवा.