आधी थांबता आलं पाहिजे

सायलेन्सर बदलायला आपली पोरं हजारो रुपये घालतात. पुढच्या ब्रेककडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, म्हणून गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचंच चाक करतं. पण जुन्या ड्रमच्या जागी नुसती डिस्क बसवून भागत नाही. शॉकअपच्या स्प्रिंग थकल्या असतील, तर जोरदार ब्रेकने गाडी पुढे दबते आणि तोल जातो. शिवाय मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चं बंधन आहे. तेव्हा आधी शॉकअपचं सील, तेल आणि ब्रेक शू बदलून घ्या. त्यानेही भागलं नाही, तर एबीएसवाली गाडी बघा. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना ते २०१९पासून सक्तीचं आहे. मागे आई किंवा लेकरू बसलेलं असतं, तेव्हा सायलेन्सरचा आवाज कामाला येत नाही.